सव्वासहाचे साडेसहा

आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत सव्वासहाला साडेसहा मिळतात आणि पावणेसातला सात. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं असे तिचे चार भाग. प्रत्येक भागाला शून्य ते नऊ यांतला एक बँड, अर्ध्या-अर्ध्याच्या पायरीने. चारांची सरासरी काढायची आणि ती जवळच्या अर्ध्यावर न्यायची; नेमका पाव उरला तर वर. समजा, एका मुलीला ऐकण्यात ७, वाचण्यात ६.५, बोलण्यात ६ आणि लिहिण्यात ५.५ मिळाले. बेरीज पंचवीस, सरासरी सव्वासहा, निकालपत्रावर ६.५. तिच्या मैत्रिणीचं बाकी सगळं तेच, फक्त ऐकण्यात ६.५. बेरीज साडेचोवीस, सरासरी सव्वासहापेक्षा जराशी कमी, निकालपत्रावर ६. ऐकण्याच्या चाळीस प्रश्नांपैकी साधारण तीस बरोबर आले की सात मिळतात, एकोणतीसला साडेसहा. म्हणजे दोघींमधलं हे अंतर एका प्रश्नाचं, ‘अकोमोडेशन’च्या स्पेलिंगमध्ये राहून गेलेल्या दुसऱ्या ‘एम’चं असू शकतं.

तरीही साडेसहावालीने पेढे वाटायची घाई करू नये. परदेशी विद्यापीठाच्या ऑफर लेटरमध्ये बहुधा दोन अटी शेजारी-शेजारी असतात: एकूण ६.५ हवेत आणि एकाही भागात ६ पेक्षा कमी नकोत. लिहिण्यातले साडेपाच तिला आडवे येणार. पुण्यात डेक्कन, फर्ग्युसन रस्ता, जंगली महाराज रस्ता या पट्ट्यात ज्या जिन्यांवर परदेशी शिक्षणाच्या पाट्या लागलेल्या आहेत, तिथे खाली चहाच्या टपरीवर उभं राहिलं की हाच संवाद कानावर येतो. “किती आले?” “ओव्हरऑल साडेसहा. रायटिंगने घात केला.”

या लेखासाठी परीक्षा दिलेल्या मुलांशी, शिकवणाऱ्यांशी आणि परदेशी जाऊ पाहणाऱ्या परिचारिकांशी बोलत गेलो, तसं एक लक्षात येत गेलं. या परीक्षेबद्दल सगळे चिडून बोलतात, पण परीक्षा स्वतः तितकी वाईट नाही. ती बऱ्यापैकी विचार करून बेतलेली आहे. खरा प्रश्न तिच्या आकड्यांवर कुठेतरी रेघ मारून ‘इथून वर आत, इथून खाली बाहेर’ असं ठरवणाऱ्यांचा आहे. ती रेघ कधी भाषेकडे बघून मारली जाते, कधी भलत्याच गोष्टीकडे बघून. परीक्षार्थी मात्र दर वेळी ‘माझं इंग्रजी कच्चं’ एवढाच निष्कर्ष काढून घरी येतो.

आंबा गोड, पण उताऱ्यात नाही

परीक्षेच्या दिवशी पासपोर्ट लागतो. आधार, पॅन, कॉलेजचं ओळखपत्र काही चालत नाही. मोबाइल, पाकीट, मनगटी घड्याळ बाहेर. फोटो काढतात, बोटाचा ठसा घेतात. मग संगणकासमोर हेडफोन लावून बसायचं आणि ऐकणं, वाचणं, लिहिणं हे तीन भाग सलग उरकायचे. साधारण अडीच ते पावणेतीन तास, मध्ये सुट्टी नाही.

ऐकण्याचं ध्वनिमुद्रण एकदाच वाजतं. पहिला भाग साधा असतो: कुणीतरी खोली भाड्याने घेण्यासाठी किंवा सहलीच्या नोंदणीसाठी फोन करतं. नाव, पत्ता, तारीख टिपायची. बोलणारा आधी मंगळवार म्हणतो आणि मग आठवून ‘नाही, गुरुवारच बरा’ म्हणतो. मंगळवार लिहून मोकळा झालेला तिथेच अडकतो. ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ अशी सूचना असताना तीन लिहिले, तर उत्तर बरोबर असूनही गुण नाही. पुढे प्राध्यापकाचं व्याख्यान येतं, उच्चार कधी ब्रिटिश, कधी ऑस्ट्रेलियन, कधी न्यूझीलंडचे. अमेरिकी मालिका बघून कान तयार झालेल्या आपल्या मुलांची इथे फे-फे उडते.

वाचण्याचे तीन उतारे, चाळीस प्रश्न, साठ मिनिटं. त्यातला एक प्रकार मी एका वर्गात मागच्या बाकावर बसून पाहिला. शिकवणाऱ्या मॅडम पूर्वी कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. त्यांनी फळ्यावर स्वतःच एक वाक्य इंग्रजीत लिहिलं: देवगडच्या बागांमधला हापूस एप्रिलमध्ये मुंबईच्या बाजारात येतो. त्याखाली विधान: देवगडचा हापूस रत्नागिरीच्या हापूसपेक्षा गोड असतो. पर्याय तीन: ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन.

“ट्रू!” कणकवलीकडचा एक मुलगा जवळजवळ उठूनच बोलला.

“फॉल्स,” दुसऱ्या रांगेतून तेवढ्याच ठामपणे आलं. मुलगी रत्नागिरीची असणार.

“नॉट गिव्हन,” मॅडम म्हणाल्या. “अरे, तुला माहीत आहे, तिला माहीत आहे. उताऱ्याला माहीत आहे का?”

वर्ग हसला, पण पुढचा अर्धा तास याच्यावरच गेला. उतारा जे सांगतो तेवढंच धरायचं, आपल्याला ठाऊक असलेलं बाजूला ठेवायचं, आणि विधान उताऱ्याच्या विरोधात जातं की त्याबद्दल उतारा गप्प आहे हे वेगळं ओळखायचं. यात इंग्रजी किती आणि विचाराची शिस्त किती? विद्यापीठात शोधनिबंध वाचताना हीच शिस्त लागते. ‘एकवीस अपेक्षित’ पाठ करून बारावी पार केलेल्या मुलांना ती पहिल्यांदा इथे भेटते.

लिहिण्याचंही तेच. साठ मिनिटांत दोन कामं. पहिल्यात आलेख किंवा तक्ता बघून किमान दीडशे शब्दांत त्याचं वर्णन, दुसऱ्यात किमान अडीचशे शब्दांचा निबंध. दुसऱ्याला दुप्पट वजन. तपासनीस चार गोष्टींना सारखे गुण देतात: विचारलेल्याचं उत्तर दिलं का, मांडणी सलग आहे का, शब्द किती आणि किती नेमके, व्याकरण किती वैविध्याचं आणि किती बिनचूक. भारतीय परीक्षार्थींचा सर्वांत कमी बँड सहसा याच भागात येतो. मॅडमनी एक गठ्ठा पुढे ढकलला. निम्म्याहून अधिक निबंध ‘नाऊडेज’ने सुरू झाले होते आणि बऱ्याच जणांनी ‘एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स’ कुठेतरी बसवलं होतं.

“हे टेम्प्लेट यूट्यूबवरून येतात,” त्या म्हणाल्या. “पाठ केलेलं वाक्य तपासणाऱ्याला लगेच कळतं. त्याचे काही मिळत नाहीत. पण मुलांना वाटतं, मोठे शब्द घातले की बँड वाढतो. आपल्याकडे निबंध म्हणजे सजावट. प्रस्तावनेला सुविचार, शेवटाला उपदेश. इथे विचारतात, तुझं मत काय आणि का. आपल्या पोरांना शाळेत मत विचारलंय कुणी?”

बोलण्याची परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची. समोर परीक्षक, कधी खोलीत, कधी व्हिडिओवर. संभाषण ध्वनिमुद्रित होतं. आधी घर, काम, आवडीनिवडी. मग हातात एक कार्ड, विचार करायला एक मिनिट आणि एक ते दोन मिनिटं न थांबता बोलणं. शेवटी त्याच विषयावर जरा खोल चर्चा. जालन्याकडच्या एका अभियंत्याला कार्ड आलं वस्तुसंग्रहालयाचं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, संग्रहालय आयुष्यात पाहिलेलं नाही. “मी खरं सांगितलं, की मी गेलोच नाही. मग पुढे काय बोलायचं सुचेना,” तो म्हणाला. नंतर क्लासमध्ये त्याला कळलं, की खरं-खोटं कुणी तपासत नाही, भाषा तपासतात. अजिंठ्याला शाळेच्या सहलीत गेला होता, ते सांगितलं असतं तरी चाललं असतं. दोन मिनिटं झाली की परीक्षक मध्येच थांबवतो, चेहऱ्यावर ना हसू ना आठी. मुलं बाहेर येऊन म्हणतात, ‘माझं बोलणं आवडलं नाही वाटतं.’ प्रत्यक्षात परीक्षकाला तसंच वागायला शिकवलेलं असतं, म्हणजे लंडनच्या आणि लातूरच्या उमेदवाराला सारखंच वागवलं जावं.

उच्चाराबद्दलही गैरसमजाचं भूत आहे. मराठी वळणाचं इंग्रजी म्हणून गुण जात नाहीत. ऐकणाऱ्याला समजायला त्रास होतो का, एवढंच पाहतात. ओढूनताणून ‘वॉटर’चं ‘वॉरर’ करणारे उलट अडखळतात आणि ओघाचे गुण घालवतात.

पन्नास शब्दांची परीक्षा

भाषेची परीक्षा घेऊन माणूस देशात घ्यायचा की नाही हे ठरवणं जुनं आहे, आणि सुरुवात स्वच्छ हेतूने झालेली नाही. १८९७ च्या जानेवारीत गांधीजी दरबानच्या बंदरावर उतरले तेव्हा गोऱ्या जमावाने त्यांच्यावर हल्ला केला. भारतीयांना आत येऊ देऊ नका, ही त्या जमावाची मागणी होती. त्याच वर्षी तिथल्या नाताळ वसाहतीच्या सरकारने कायदा केला. त्यात ‘भारतीय नकोत’ असं कुठेही लिहिलं नव्हतं. येणाऱ्याला युरोपीय भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे, एवढंच होतं. ब्रिटिश वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांना ही युक्ती पसंत पडली आणि इतर वसाहतींनाही त्यांनी तीच सुचवली.

ऑस्ट्रेलियाने ती १९०१ मध्ये उचलली. अधिकारी पन्नास शब्दांचा मजकूर सांगेल, उमेदवाराने लिहून घ्यायचा. युरोपीय भाषा कोणती, ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर. १९०२-०३ मध्ये ८०५ जणांची परीक्षा घेतली, ४६ उत्तीर्ण झाले. १९०४ ते १९०९ या काळात ५५४ पैकी सहा. त्यानंतर कुणीही नाही. १९३४ मध्ये एगॉन किश हा प्रागचा पत्रकार मेलबर्नला आला. नाझींच्या विरोधात बोलणारा हा माणूस सरकारला नको होता, पण त्याला अनेक युरोपीय भाषा येत होत्या. मग त्याला स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत मजकूर सांगितला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि गेलिक ही या कायद्याच्या अर्थाने युरोपीय भाषा नाही असा निर्णय देऊन न्यायालयाने सरकारची फजिती केली. ही परीक्षा १९५८ मध्ये बंद झाली.

आजच्या परीक्षांचं मूळ या कायद्यात नाही, हेही तेवढंच खरं. दुसऱ्या महायुद्धानंतर नवस्वतंत्र देशांतले विद्यार्थी ब्रिटन-अमेरिकेत शिकायला जाऊ लागले आणि त्यांना वर्ग झेपेल का हे विद्यापीठांना आधी कळायला हवं होतं. अमेरिकेत १९६४ पासून टोफेल सुरू झाली. ब्रिटिश कौन्सिलने १९६० च्या दशकात व्याकरण-उच्चार तपासणारी एक परीक्षा वापरली, १९८० मध्ये ती मोडून विद्यार्थ्याला अभ्यासात प्रत्यक्ष काय करावं लागतं त्यावर आधारलेली नवी आणली, आणि १९८९ मध्ये केंब्रिज आणि ऑस्ट्रेलियाच्या आयडीपीबरोबर तिचं रूपांतर आयल्ट्समध्ये केलं. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात डॉक्टर-परिचारिकांसाठी ओईटी घडत होती. पिअर्सनची पीटीई २००९ ची. ती प्रामुख्याने संगणकच तपासतो. घरबसल्या देता येणारी ड्युओलिंगोची परीक्षा कोविडच्या काळात एकदम चालू लागली.

या परीक्षा घडवणारी बहुतेक माणसं प्रामाणिकपणे एकच गोष्ट शोधत होती: या मुलाला व्याख्यान कळेल का, या नर्सला रुग्णाचं दुखणं कळेल का. मग ते आकडे व्हिसाच्या कचेरीने उचलले.

रेघ सरकते

मिरजेकडच्या एका परिचारिकेला ब्रिटनला जायचं होतं. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात त्यांनी आठ वर्षं अतिदक्षता विभागात काढलेली. तिथल्या परिचर्या परिषदेची अट तेव्हा चारही भागांत ७. त्यांना बोलण्यात साडेसात, ऐकण्यात साडेसात, वाचण्यात सात आणि लिहिण्यात साडेसहा मिळाले. पुन्हा दिली, पुन्हा साडेसहा. “निबंधाचा विषय होता, शहरात जुन्या इमारती राखाव्यात की पाडाव्यात,” त्या हसून म्हणाल्या. “मी पेशंटच्या फाइली लिहिते हो. इमारतींचं मला काय विचारता?”

२०१८ च्या डिसेंबरपासून परिषदेने लिहिण्याची अट ७ वरून ६.५ केली. त्यांना ही बातमी कळली तेव्हा जुन्या निकालपत्राची दोन वर्षांची मुदत संपत आली होती. ब्रिटनमधल्या रुग्णांशी बोलायला लागणारं इंग्रजी त्या महिन्यात सोपं झालं नव्हतं. तिथल्या वॉर्डांत परिचारिका पुरत नव्हत्या. पुढे त्यांनी ओईटी दिली. तिच्यात रुग्णाच्या नोंदी वाचून त्याच्याबद्दलचं पत्र लिहावं लागतं आणि बोलण्याच्या भागात कुणीतरी रुग्ण किंवा नातेवाईक होऊन समोर बसतं. “ते जमलं. रोजचंच काम,” त्या म्हणाल्या.

रेघ जशी खाली येते तशी वरही जाते. ऑस्ट्रेलियाने मार्च २०२४ मध्ये विद्यार्थी व्हिसासाठीची अट ५.५ वरून ६ केली. देशात येणाऱ्यांची संख्या फार वाढली, घरभाडी भडकली, लोक नाराज झाले आणि सरकारला आकडा खाली आणायचा होता. ब्रिटनने कुशल कामगारांच्या व्हिसासाठीची इंग्रजीची पातळी जानेवारी २०२६ पासून एक पायरी वर नेली. ज्या सरकारी दस्तावेजात ती घोषणा झाली, त्याच्या नावातच स्थलांतरावर पुन्हा ताबा मिळवण्याची भाषा आहे. उमेदवार तेच, परीक्षा तीच, तपासनीसही तेच. फक्त रेघ सरकली.

कॅनडाच्या कायम वास्तव्याच्या गुणपद्धतीत अर्ध्या बँडची किंमत रुपये-पैशांसारखी मोजता येते. अविवाहित अर्जदार, पदव्युत्तर पदवी, परदेशातला तीन वर्षांहून अधिक अनुभव असं धरा. वाचणं, लिहिणं, बोलणं प्रत्येकी ७ आणि ऐकणं ७.५. आता फक्त ऐकणं ८ करा. त्या एका भागाचे गुण २३ वरून ३१ होतात. शिवाय कॅनडाच्या स्वतःच्या भाषा-मोजपट्टीवर चारही भाग नवव्या पातळीवर गेल्यामुळे शिक्षणाचे जोडगुण २५ वरून ५० आणि अनुभवाचेही २५ वरून ५०. एकूण ५८ गुणांची वाढ. ज्या यादीत दोन-चार गुणांनी माणसं राहून जातात, तिथे हे अठ्ठावन्न. ऑस्ट्रेलियात चारही भागांत ७ असतील तर १० गुण, चारही ८ असतील तर २०. साहजिकच इंग्रजी उत्तम असलेली माणसंही पुन्हा-पुन्हा परीक्षेला बसतात. सातचे आठ केल्याने त्यांचं कामावरचं इंग्रजी बदलत नाही. रांगेतली जागा बदलते.

या रेघेपुढे मातृभाषाही उपयोगी पडत नाही. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या एका आयरिश पशुवैद्य स्त्रीने कायम वास्तव्यासाठी पीटीई दिली. ती लहानपणापासून इंग्रजीच बोलत आलेली. बोलण्याच्या ओघात हवे होते ७९, संगणकाने दिले ७४. जगभर बातम्या झाल्या. आपल्याकडच्या क्लासांमध्ये ती बातमी अजून सांगतात, बहुधा धीर द्यायला.

पण हसण्यासारखं नसलेलं प्रकरण ब्रिटनचं आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमाने दाखवलं, की लंडनमधल्या काही केंद्रांवर टोइक या परीक्षेत दुसरीच माणसं बसवली जात आहेत. गृहखात्याने परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून छाननी करून घेतली. अठ्ठावन्न हजारांहून जास्त निकालांपैकी ३३ हजारांवर अवैध आणि २२ हजारांवर संशयास्पद ठरले. म्हणजे जवळजवळ सगळेच. आवाज ओळखण्याच्या यंत्रणेवर आणि त्या यादीवर विसंबून हजारो विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले. त्यांत भारत, पाकिस्तान, बांगलादेशचे बरेच होते. घोटाळा खरा होता, हे न्यायालयांनीही मानलं. पण त्या यादीत निर्दोष माणसंही होती, आणि अनेकांना देश सोडल्याशिवाय अपीलच करता येत नव्हतं. अस्खलित इंग्रजीत आपली बाजू मांडणारे तरुण संसदेसमोर उभे राहिले. गृहखात्याने पुरेशी शहानिशा न करता घाई केली, असा ठपका तिथल्या संसदेच्या लोकलेखा समितीनेच पुढे ठेवला.

फी, रिटेक आणि लग्नाच्या जाहिराती

भारतात आयल्ट्सची एका वेळची फी सतरा-अठरा हजारांच्या घरात आहे. निकाल मान्य नसेल तर फेरतपासणी मागता येते. बँड वाढला तर तिची फी परत मिळते. संगणकावरच्या परीक्षेत २०२३ पासून चारपैकी एकच भाग पुन्हा देण्याचीही सोय आली, अर्थात वेगळी फी भरून, आणि तो निकाल चालेल की नाही हे त्या-त्या विद्यापीठावर. क्लासची फी निराळी. जालन्याच्या मुलाच्या वडिलांची सहा एकर कोरडवाहू शेती. दुसऱ्यांदा परीक्षेला बसायचं म्हटल्यावर घरात दोन दिवस कुणी काही बोललं नाही, असं तो सांगत होता.

हा बाजार किती मोठा आहे याची कल्पना एका व्यवहारावरून येते. २०२१ मध्ये ब्रिटिश कौन्सिलचा भारतातला आयल्ट्सचा कारभार आयडीपीने १३ कोटी पौंडांना विकत घेतला. आयडीपी ही ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारात नोंदलेली कंपनी. परदेशी विद्यापीठांत विद्यार्थी पाठवण्याचाही तिचा व्यवसाय आहे. परीक्षाही तिची आणि प्रवेशाचा सल्लाही तिचा. यात बेकायदा काही नाही, पण सल्ला घेताना हे ध्यानात असलेलं बरं.

पंजाबात याच्याही पुढची पायरी दिसते. जालंधर, मोगा, लुधियानाकडे वधू-वरांच्या जाहिरातीत शिक्षण, जात, जमीन यांच्या जोडीला बँड छापून येतो. मुलीला चांगले बँड असतील तर मुलाकडचे तिचा परदेशचा खर्च उचलतात, ती गेली की नवरा मागून जाणार या बोलीवर. गुजरातेत २०२२ मध्ये निराळंच उघडकीला आलं. मेहसाणा भागातले काही तरुण कॅनडातून नदीमार्गे अमेरिकेत शिरताना पकडले गेले. आयल्ट्समध्ये साडेसहा-सात असूनही त्यांना न्यायालयात दुभाष्या लागला. मग पोलिसांनी परीक्षा केंद्राचीच चौकशी सुरू केली. बँडवर आयुष्य टांगलं की बँड विकणारेही उभे राहणार, हे ओघानेच आलं.

आपल्या बाजूने काय

महाराष्ट्रातल्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी ते पाचवीपासून होतं. आज परदेशी अर्ज करणारी बरीच मुलं या बदलानंतरची आहेत, तरीही मराठी माध्यमातून आलेल्यांची तक्रार एकच: वाचता येतं, समजतं, तोंडातून निघत नाही. त्याचं कारण शब्दसंग्रह क्वचितच असतं. इंग्रजीत कुणाशी वाद घातलेला नसतो, खोली शोधलेली नसते, चूक करून हसलेलं नसतं.

दुसरी अडचण पैशाच्या क्रमाची आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे; फी, राहण्याचा खर्च, विमानाचं तिकीट तिच्यात येतं. पण शिष्यवृत्तीला आधी प्रवेश लागतो आणि प्रवेशाला आधी परीक्षा. म्हणजे सतरा-अठरा हजार आणि क्लासचे पैसे हे शिष्यवृत्तीच्या अलीकडच्या काठावरच उभे करावे लागतात, आणि पुष्कळ मुलं तिथूनच परत फिरतात. बुलढाण्याच्या राजू केंद्रे यांच्या एकलव्य इंडिया फाउंडेशनसारखी संस्था पहिल्या पिढीतल्या मुलांना परदेशी अर्जांसाठी तयार करते ती याच काठावर. हे काम विद्यापीठांनाही करता येईल. प्रत्येक जिल्ह्याच्या एखाद्या मोठ्या कॉलेजात भाषा प्रयोगशाळेची खोली असते, हेडफोन असतात, बऱ्याचदा कुलूपही असतं. आठवड्यातून दोनदा ते उघडून बोलण्याचा आणि निबंधाचा सराव फुकट घेतला, तर परीक्षा पहिल्याच फेरीत पार करणारे वाढतील. ‘मत मांड, कारण दे, उदाहरण दे’ हा निबंध मराठीच्या तासाला शिकवला तरी निम्मं काम होईल. ती सवय इंग्रजीत आपोआप जाते.

परदेशातली रेघ इथून कुणाला सरकवता येणार नाही. पण ती नेमकी कुठे आहे हे आधी बघता येतं, आणि आश्चर्य म्हणजे तेच कुणी बघत नाही. ब्रिटनमधली बरीच विद्यापीठं पदवी अभ्यासक्रमासाठी इंग्रजीची खात्री स्वतःच्या पद्धतीने करू शकतात, आणि त्यांतली काही भारतीय विद्यार्थ्याचे बारावीच्या इंग्रजीचे गुणही ग्राह्य धरतात. किती हवेत, हे बोर्ड कोणतं त्यावर ठरतं. काहींना आयल्ट्सऐवजी दुसरी स्वस्त परीक्षा चालते. जालन्याच्या मुलाने ज्या तीन विद्यापीठांना अर्ज केले होते त्यांतलं एक साडेपाचच्या लेखनावर अट घालून घ्यायला तयार होतं, आधी काही आठवड्यांचा भाषेचा वर्ग कर म्हणून. त्याने ते पत्र नीट वाचलं दुसरी परीक्षा देऊन झाल्यावर.

म्हणून मॅडम पहिल्या दिवशी इंग्रजी शिकवतच नाहीत. प्रत्येकाला वहीत तक्ता आखायला लावतात: देश, अभ्यासक्रम, एकूण किती हवेत, प्रत्येक भागात किती, बारावीचे गुण चालतात का, शेवटची तारीख. तो भरून झाला की दर तुकडीत एक-दोन जणांना कळतं, की आपल्याला ही परीक्षा द्यायचीच नाही.

“मग तुमची फी बुडाली,” मी म्हटलं.

“बुडू दे,” त्या म्हणाल्या. “त्यांना सांगते, परीक्षा देऊ नका, पण बोलायच्या तासाला येत जा. व्हिसा मिळाला तरी तिकडे घरमालकाशी भांडायचंच आहे.”